स्कॉटलंडचे डोंगर बोडके का आहेत?

स्कॉटलंडच्या वायव्य कोपऱ्यात लॉख ॲसिंट नावाचं एक लांबट तळं आहे. लॉख म्हणजे तळंच. काठापासून थोड्या अंतरावर पाण्यात एक एवढंसं बेट आहे आणि त्यावर पाइनची झाडं दाटीवाटीनं उभी आहेत. वाऱ्यानं वाकलेली, पण हिरवीगार. तिथून नजर काठाकडे वळवली की झाडांचा मागमूस नाही. दूरवर नुसतं पिवळट गवत, हेदरची गुडघाभर झुडपं आणि काळे दगड.

माती तीच. पाऊसही तोच. वारा तर बेटावरच जास्त झोंबतो. मग झाडं बेटावरच का?

कारण मेंढ्या आणि हरणं सहसा तिथवर पोहोचत नाहीत आणि डोंगराला लावलेली आग पाणी ओलांडत नाही.

स्कॉटलंड म्हटलं की धुक्यात बुडालेले मोकळे डोंगर, उतारावर उभं शिंगाळं हरीण, तळ्याकाठचा पडका किल्ला असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला ते डोंगर बघताक्षणी आवडतात. मलाही आवडतात, आजही. पण त्यांच्याकडे ‘माणसाचा हात न लागलेला निसर्ग’ म्हणून बघणं चुकीचं आहे. त्या बोडकेपणात हवामानाचा वाटा आहे, पण फार मोठा वाटा माणसांनी घेतलेल्या निर्णयांचा आहे. ते निर्णय कोणी घेतले, कशासाठी घेतले आणि आता ते बदलायचे तर कुठे अडतं, हे इथे नीट उलगडून सांगायचा प्रयत्न करतो.

आधी थोडा अंदाज घेऊ. स्कॉटलंडचं क्षेत्रफळ साधारण ७८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक चतुर्थांश. लोकसंख्या सुमारे ५५ लाख; आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात याहून जास्त माणसं राहतात. त्यातही बहुतेक वस्ती ग्लासगो आणि एडिंबरा यांच्या मधल्या पट्ट्यात. उत्तरेचा आणि पश्चिमेचा डोंगराळ मुलूख म्हणजे हायलँड्स, तिथे माणूस विरळ. सगळ्यांत उंच डोंगर बेन नेव्हिस, १,३४५ मीटर. आपल्या कळसूबाईहून तो ३०० मीटरनं बुटका आहे, पण इतक्या उत्तरेला की माथ्यावर उन्हाळ्यातही कधी हिमवृष्टी होते.

नावात उरलेलं जंगल

हिमयुग संपल्यावर, म्हणजे साधारण साडेअकरा हजार वर्षांपूर्वीपासून, इथे हळूहळू झाडं परतली. आधी भूर्ज, मग स्कॉट्स पाइन, ओक, अल्डर, रोवन. पाइनच्या या जुन्या जंगलाला कॅलेडोनियन जंगल म्हणतात. सगळा देश झाडांनी झाकलेला होता असं समजू नका. साधारण चार हजार वर्षांपूर्वी हवा जास्त पावसाळी झाली, सखल भागात पाणी साचून पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर, तयार व्हायला लागलं आणि बरंच जंगल आपोआपच मागे हटलं. आजही दलदलीत खणलं की हजारो वर्षं जुने पाइनचे बुंधे सापडतात, साल अजून अंगावर असलेले. पुढचं काम कुऱ्हाडीनं, गुरांच्या तोंडांनी आणि आगीनं केलं.

आज त्या मूळ पाइन जंगलाचे ८४ तुकडे सरकारी यादीत आहेत. एके काळच्या विस्ताराचा जेमतेम एक-दोन टक्के भाग.

पण नावं शिल्लक आहेत. आपल्याकडे पिंपळगावात पिंपळ उरलेला नसतो, बोरगावात बोरी नसतात, पण नाव सांगत राहतं की इथे काय होतं. तिथे किंग्यूसी नावाचं गाव आहे. गेलिक या हायलँड्सच्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ ‘पाइनच्या वनाचं टोक’. नकाशा घेऊन बसलं की ‘बेह’ म्हणजे भूर्ज आणि ‘गियूस’ म्हणजे पाइन हे शब्द अशा कितीतरी उघड्या दऱ्यांच्या नावांत भेटतात, जिथे आज सावलीला झाड मिळणार नाही.

माणसं गेली, मेंढ्या आल्या

आता दुसरा प्रश्न. झाडं नाहीत हे दिसतं. माणसं का नाहीत?

हायलँड्समध्ये पूर्वी कुळांची, म्हणजे एका नावाच्या घराण्यांची (क्लॅन), व्यवस्था होती. कुळाचा एक प्रमुख, त्याच्या जमिनीवर राहणारी कुळाची माणसं. गेलिकमध्ये ‘डूखस’ असा शब्द आहे. पिढ्यान्‌पिढ्या जिथे राबलो त्या भूमीशी असलेलं नातं आणि त्या नात्यातून येणारा तिथे राहण्याचा हक्क, असा त्याचा अर्थ. कागदावर हा हक्क कुठेच नव्हता. १७४६ साली कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट बंडखोरांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवू पाहणाऱ्यांचा, पराभव झाला, त्यानंतर प्रमुखांचे जुने अधिकार काढून घेतले गेले आणि कुळप्रमुख हळूहळू साधा जमीनदार झाला. जमीनदाराला लढवय्ये नको असतात, खंड हवा असतो. आणि जास्तीत जास्त खंड देणारा भाडेकरू म्हणजे दक्षिणेकडून आलेला मेंढपाळ व्यापारी.

मग सुरू झालं ते ‘हायलँड क्लिअरन्सेस’. १८ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत दऱ्याच्या दऱ्या रिकाम्या करण्यात आल्या. सदरलंड परगण्यातली स्ट्रॅथनेव्हर ही दरी त्यात सगळ्यांत कुप्रसिद्ध. १८१४ आणि १८१९ साली तिथल्या कुटुंबांना बाहेर काढून घरांची छपरं जाळली. छपरंच का? मूळ मुद्द्याशी हे नेमकं जोडलेलं आहे. झाडं नसलेल्या मुलखात घराची सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे आढं आणि वासे. भिंती दगडमातीच्या, त्या कुठेही उभ्या करता येत. लाकूड मात्र माणसं घर बदलताना बरोबर घेऊन जात. वासे जाळले की परत येऊन निवारा उभारायची आशाच संपली. इस्टेटीचा कारभारी पॅट्रिक सेलार याच्यावर आग लावल्याचा आणि मृत्यूला कारणीभूत झाल्याचा खटला १८१६ साली इन्व्हर्नेसला चालला. तो निर्दोष सुटला आणि पुढे त्याच मुलखात मोठा मेंढपाळ म्हणून राहिला.

हुसकलेली काही माणसं कॅनडाला गेली, काही कारखान्यांच्या शहरांत, तर काहींना समुद्रकाठी खडकाळ जमिनीचे छोटे तुकडे मिळाले. असा तुकडा म्हणजे क्रॉफ्ट आणि तो कसणारा क्रॉफ्टर. मालकानं कधीही हाकलावं अशी त्यांची अवस्था होती. १८८२ साली स्काय बेटावर ब्रेज इथे क्रॉफ्टर आणि पोलिसांची झटापट झाली, मग चौकशी आयोग नेमला गेला आणि १८८६ चा कायदा आला. आपल्या कूळकायद्याची आठवण यावी असा: खंड वाजवी, कुळाला हुसकता येणार नाही, जमीन वारसाकडे जाईल, केलेल्या सुधारणांची भरपाई मिळेल. क्रॉफ्टिंग आज टिकून आहे ते या कायद्यामुळे. पण मोकळ्या झालेल्या दऱ्या त्यानं परत दिल्या नाहीत.

इथे मुंबईचा एक धागा येतो. १८४४ साली लुईस हे अख्खं बेट जेम्स मॅथेसननं विकत घेतलं. हा जार्डिन मॅथेसन कंपनीचा भागीदार. त्याची संपत्ती चीनला अफू विकून आलेली. त्या अफूचा मोठा भाग माळव्यातून मुंबई बंदरामार्गे जात होता आणि मुंबईत त्यांचा मोठा सहकारी होता सर जमशेटजी जीजीभॉय. मुंबईतल्या जे. जे. रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे, तेच. मॅथेसननं लुईसवरच्या स्टोर्नोवे गावाच्या बंदरासमोर किल्लेवजा वाडा बांधला आणि बटाट्याच्या रोगानं दुष्काळ पडल्यावर १८५० च्या दशकात दोन हजारांहून जास्त बेटकऱ्यांना जहाजांत बसवून कॅनडाला पाठवलं. माळव्यातल्या शेतातली अफू, मुंबईची गोदी आणि लुईसमधली रिकामी घरं हा एकच हिशेब आहे. कोणी हायलँड्सला ‘दूरचा देश’ म्हणालं की मला हे हटकून आठवतं.

झाडं नसलेलं ‘फॉरेस्ट’

मेंढ्यांचं राज्य फार टिकलं नाही. १८७० नंतर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची लोकर स्वस्तात यायला लागली, भाव कोसळले. तोवर एक नवी हौस आली होती. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबानं १८५२ साली बालमोरल विकत घेतलं आणि इंग्लंडच्या श्रीमंतांमध्ये हायलँड्सला जाऊन हरणाची शिकार करणं प्रतिष्ठेचं झालं. मेंढ्या काढल्या, हरणं राखली. अशा राखीव शिकारभूमीला ‘डिअर फॉरेस्ट’ म्हणतात आणि पहिल्या महायुद्धाच्या आधी या फॉरेस्टखाली सुमारे ३५ लाख एकर जमीन होती. त्यातल्या बहुतेक ठिकाणी झाड नव्हतं. फॉरेस्ट या शब्दाचा जुना अर्थच मुळी शिकारीसाठी राखलेली जागा असा आहे.

हे हरीण म्हणजे रेड डिअर, काश्मीरच्या हंगुलचा जवळचा नातलग. मुळात जंगलातला प्राणी. उघड्या डोंगरावर वाढल्यामुळे स्कॉटलंडमधला नर युरोपातल्या जंगलातल्या आपल्या भावंडांपेक्षा अंगानं लहान राहतो आणि कडक हिवाळ्याच्या शेवटी कित्येक हरणं उपासमारीनं मरतात. ज्या मुलखाला आपण ‘हरणांचा मुलूख’ म्हणतो तो हरणांनाही पुरेसा नाही.

आता झाड न उगवण्याची क्रिया जवळून बघू. हेदरमध्ये गुडघे टेकून बसलात आणि झुडपं हातानं बाजूला केलीत तर पाइनचं रोप सापडू शकतं. वीतभर उंच. हे याच वर्षी उगवलं असेल असं वाटतं. नीट बघितलं तर खोड बोटाएवढं जाड आणि गाठीगाठींचं असतं, कारण ते रोप दहा-पंधरा वर्षांचं आहे. दर हिवाळ्यात बाकी सगळं बर्फाखाली गेलं की हेदरच्या वर आलेला त्याचा कोवळा शेंडा हरीण खुडून नेतं. रोप मरत नाही, वाढतही नाही. बिया पडतात, रुजतात, रोपं येतात, फक्त मोठी होत नाहीत. म्हणून कित्येक पाइनवनांत दीड-दोनशे वर्षांची म्हातारी झाडं दिसतात आणि त्यांच्या खाली एकही तरुण झाड नसतं. गावात नुसते आजी-आजोबा उरलेले असावेत, तसं.

लांडगा असता तर हरणांची संख्या आटोक्यात राहिली असती. तो १७ व्या-१८ व्या शतकात संपला. लिंक्स हा मोठा रानमांजराचा प्रकार त्याआधीच गेला. आता हरणाला शत्रू एकच, बंदूकवाला माणूस. आणि त्या माणसाचा हिशेब उलटा होता. रानातलं हरीण कायद्यानं कोणाच्याच मालकीचं नाही, पण ते मारायचा हक्क जमिनीबरोबर येतो. शिकारी इस्टेटीची किंमत ठरवताना वर्षाला तिथे किती नर मारता येतात हा आकडा पाहिला जायचा. म्हणजे हरणं जितकी जास्त, तितकी मालमत्ता मौल्यवान. हिवाळ्यात त्यांना चारा घालणारे मालकही होते. सरकारनं नेमलेल्या अभ्यासगटानं २०२० साली सांगितलं की चारही जातींची मिळून हरणं १० लाखांच्या घरात असावीत. १९९० च्या सुमारास हा अंदाज ५ लाखांचा होता.

कुंपण की बंदूक

जंगल परत आणायचं तर दोन रस्ते. पहिला, कुंपण. दोन मीटर उंच जाळी लावली की आतली वीतभर रोपं काही वर्षांत माणसाच्या डोक्यावर जातात. लावावीसुद्धा लागत नाहीत, ती तिथे वाट बघत असतातच. पण कुंपण महाग, दुरुस्ती कायमची, आणि हरणं बाहेरच्या भागावर दुप्पट ताव मारतात. शिवाय पाइनवनातला कॅपरकेली हा टर्कीएवढा पक्षी उडताना जाळीवर आपटून मरतो. २०२१-२२ च्या मोजणीत सगळ्या स्कॉटलंडमध्ये हे पक्षी ५०० च्या थोडेच वर होते. ज्याच्यासाठी जंगल हवं त्यालाच कुंपण मारतं, हे वनखात्याच्या लोकांना फार बोचतं.

दुसरा रस्ता हरणं कमी करण्याचा. याचं सगळ्यांत ठळक उदाहरण केर्नगॉर्म्स पर्वतातली ग्लेनफेशी ही दरी. २००४ च्या सुमारास तिथे मोठ्या प्रमाणावर हरणं मारली गेली, सरकारी यंत्रणेनं हेलिकॉप्टर वापरलं आणि गदारोळ झाला. २००६ साली डेन्मार्कचे कापड उद्योजक अँडर्स पोव्हल्सन यांनी ही इस्टेट घेतली आणि हरणांची संख्या खाली ठेवण्याचं धोरण नेटानं चालू ठेवलं. आज त्या दरीत नदीकाठच्या खडीतून, जुन्या झाडांच्या पायाशी, हेदरमधून, सगळीकडून पाइन आणि भूर्जाची पोरं वर आली आहेत. कुंपण नाही. आता आजूबाजूच्या चार मोठ्या जमीनधारकांनी मिळून ६०० चौरस किलोमीटरवर असंच काम हाती घेतलं आहे आणि त्याची मुदत ठेवली आहे २०० वर्षं. आपल्या हयातीत जे दिसणारच नाही त्याचा आराखडा करून रोज सकाळी कामाला निघणाऱ्या माणसांबद्दल मला खरोखर आदर वाटतो.

पण दुसरी बाजूही मनापासून ऐकण्यासारखी आहे. डोंगरावर हरणाचा माग काढून पाहुण्याला नेमाच्या टप्प्यात आणून सोडणारा माणूस म्हणजे स्टॉकर, आणि त्याचा मदतनीस गिली. हे काम कित्येक घरांत बापाकडून मुलाकडे आलेलं आहे. पोटावर सरपटत, वारा तोंडावर घेत, ओढ्याच्या थंडगार पाण्यातून तासन्‌तास जायचं. मारलेलं हरीण गॅरन जातीच्या धिप्पाड तट्टावर लादून खाली आणायचं. त्याला सांगितलं की आता रात्रीही मारा, माद्याही जास्त मारा, २०२३ पासून नरांसाठी बंदीचा हंगामही उठवला आहे, तर त्याला ते कत्तलीसारखं वाटतं. ज्या प्राण्याचा आयुष्यभर मान राखला तो एकदम उपद्रवी ठरतो. दूरच्या वाडीतली दोन-तीन घरं अशाच नोकऱ्यांवर उभी असतात, ती गेली की शाळेतली दोन-तीन मुलं जातात आणि शाळा बंद पडते. हरणं कमी व्हायला हवीत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते काम त्या स्टॉकरच्याच हातून व्हायचं आहे, त्याच्याशिवाय नाही.

परतलेले आणि परतू पाहणारे

बाकीच्या प्राण्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. समुद्री गरुड १९१८ च्या सुमारास ब्रिटनमधून संपला होता. १९७५ पासून दहा वर्षं नॉर्वेहून ८२ पिल्लं आणून रम बेटावर सोडली आणि आता पश्चिम किनाऱ्यावर तो पुन्हा घरटी करतो. मल बेटावर त्याला बघायला पर्यटक येतात. त्याच किनाऱ्यावरच्या क्रॉफ्टरची कोकरं तो उचलतो ही तक्रारही खरी आहे.

बीव्हर हा पाण्याकाठी राहून झाडं कुरतडणारा मोठा प्राणी १६ व्या शतकात नाहीसा झाला होता. २००९ साली नॅपडेलला सरकारी परवानगीनं काही बीव्हर सोडले. टे नदीच्या खोऱ्यात मात्र पळालेले किंवा गुपचूप सोडलेले बीव्हर आधीच वाढत होते. ते ओढ्यावर फांद्यांचे बांध घालतात, पाणी साठतं, मासे-बेडूक-किडे वाढतात; आणि त्याच बांधामुळे सुपीक शेतात पाणी शिरतं. २०१९ पासून त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, पण शेतीचं मोठं नुकसान होत असेल तर परवाना घेऊन हलवता किंवा मारता येतं. स्कॉटिश रानमांजर पाळीव मांजरांशी संकर होऊन जवळजवळ संपलं. बंदिस्त जागेत वाढवलेली मांजरं २०२३ पासून केर्नगॉर्म्समध्ये सोडली जात आहेत आणि पुढच्याच वर्षी त्यांना रानात पिल्लं झाली.

लिंक्स परत आणावा का यावर वर्षानुवर्षं बैठका चालू आहेत. २०२५ च्या जानेवारीत कोणीतरी चार लिंक्स किंग्यूसीजवळ बेकायदा सोडून दिले. ऐन थंडीत, बर्फात. चारही पकडले गेले, त्यातला एक मेला. मेंढपाळांचा विश्वास कमवायला लागणारी मेहनत अशा कृत्यांनी वाया जाते.

झाड लावणं जेव्हा चूक असतं

इथवर वाचून ‘मग सगळीकडे झाडं लावा’ असं वाटणं साहजिक आहे. तसं एकदा करून झालं आहे. अगदी उत्तरेला केथनेस आणि सदरलंडमध्ये फ्लो कंट्री नावाचा अफाट पाणथळ प्रदेश आहे. स्फॅग्नम नावाचं शेवाळ तिथे वाढतं, मरतं, पण पाण्यात बुडालेलं असल्यामुळे कुजत नाही. थरावर थर साचत जातो. तोच पीट. वर्षाला साधारण एक मिलिमीटर. काही ठिकाणी थर दहा मीटरपर्यंत खोल आहे, म्हणजे हजारो वर्षांचं साठवण. त्यात अडकलेला कार्बन ४० कोटी टन असल्याचा अंदाज आहे.

१९८० च्या दशकात करसवलतीच्या लोभानं लंडनच्या श्रीमंतांनी इथे पैसे गुंतवले. चर खणून पाणी काढलं आणि सिट्का स्प्रूस या अमेरिकी झाडाच्या रांगा लावल्या. पीट सुकलं, कार्बन हवेत जायला लागला, चिखलपायट्या पक्ष्यांची घरटी गेली. १९८८ साली सवलत बंद झाली. तेव्हापासून तीच झाडं तोडून, तेच चर बुजवून पाणी परत भरायचं काम चालू आहे, आणि २०२४ साली फ्लो कंट्रीला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. झाडाचं भलं-बुरं ते कुठे उभं आहे यावर ठरतं. स्कॉटलंडमध्ये आज झाडांखालची जमीन दर शंभरात एकोणीसच्या आसपास आहे, पण त्यातलं पुष्कळसं हेच एकसुरी स्प्रूसचं लागवडीचं रान आहे, ज्याच्या आत दुपारीही अंधार असतो आणि जमिनीवर काही उगवत नाही.

चालण्याचा हक्क

आता आपल्या भटक्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. इतकी जमीन खाजगी, तर तिथे पाय ठेवता येतो का?

येतो. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानं स्कॉटलंडमध्ये जवळजवळ सगळ्या जमिनीवर आणि पाण्यावर जबाबदारीनं वावरण्याचा हक्क सगळ्यांना दिला. तुम्ही तिथले नागरिक असायची गरज नाही. चाला, सायकल चालवा, घोड्यावर जा, होडी वल्हवा, तंबू ठोका. मालकाची परवानगी लागत नाही. वगळलंय ते म्हणजे घराभोवतीची खाजगी जागा, उभं पीक, शाळेचं आवार अशा गोष्टी. मोटारगाडी, शिकार आणि मासेमारी या हक्कात येत नाहीत.

हा हक्क वरून पडलेला नाही. १८४७ साली वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हटन बाल्फोर विद्यार्थ्यांना घेऊन ग्लेन टिल्टमधून चालले होते, तेव्हा ड्यूक ऑफ ॲथोलनं आपल्या माणसांसह त्यांना अडवलं. झाडपाला गोळा करणारी पोरं आणि हरणं बुजतील म्हणून चिडलेला सरदार. प्रकरण कोर्टात गेलं आणि गाजलं. १८८४ साली डोंगरावर जाण्याच्या हक्काचं पहिलं विधेयक संसदेत मांडलं गेलं. कायदा व्हायला त्यानंतर जवळपास १२० वर्षं लागली.

हक्काबरोबर नियम येतात, आणि ते शहाणपणाचे आहेत. फाटक जसं होतं तसं ठेवा: उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. वसंतात मेंढ्या व्यायच्या काळात कुत्रा दोरीवर. तंबू थोडेच, एका जागी दोन-तीन रात्रींपुरते. शौचाला जायचं तर पाण्यापासून किमान ३० मीटर दूर, आणि पुरून. उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात निघण्याआधी त्या डोंगरावर शिकार चालू आहे का याची चौकशी करा. लॉख लोमंडच्या काठी गर्दीमुळे मार्च ते सप्टेंबर काही पट्ट्यांत तंबूसाठी परवाना लागतो.

या मोकळेपणाचं सगळ्यांत सुंदर रूप म्हणजे बोथी. मेंढपाळांची, स्टॉकरची जुनी सोडून दिलेली दगडी घरं. १९६५ साली सुरू झालेली एक स्वयंसेवी संस्था अशी शंभराच्या आसपास घरं राखते. घर बहुधा इस्टेटीच्या मालकाचं, डागडुजी स्वयंसेवकांची. कुलूप नाही, भाडं नाही, नोंदणी नाही. आत वीज नाही, नळ नाही, संडास बहुधा नाही; कोपऱ्यात फावडं टेकवलेलं असतं, ते कशासाठी हे वर आलंच आहे. लाकडी फळीवर झोपायचं. भिंतीशी एखादी शेगडी किंवा चूल, जळण बहुतेक वेळा आपणच वाहून न्यायचं. मागच्या माणसानं ठेवलेली मेणबत्ती, काड्यापेटी, एखादं चहाचं पाकीट. जाताना झाडून घ्यायचं आणि दार घट्ट लावायचं, नाहीतर मेंढी आत शिरते आणि अडकून मरते. आपल्याकडे गडावरच्या देवळात किंवा गुहेत मुक्काम केलेल्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

ठरवणार कोण

चालायचा हक्क सगळ्यांना, पण डोंगरावर काय उगवावं हे ठरवायचा हक्क मालकाला. आणि मालक किती? स्कॉटलंडची खाजगी ग्रामीण जमीन निम्मी तरी सव्वाचारशे-साडेचारशे मालकांच्या हातात आहे असा अंदाज वारंवार दिला जातो. युरोपात इतकी एकवटलेली मालकी क्वचितच दिसते. राष्ट्रीय उद्यानंही याला अपवाद नाहीत. केर्नगॉर्म्स हे ब्रिटनमधलं सगळ्यांत मोठं राष्ट्रीय उद्यान, साडेचार हजार चौरस किलोमीटर. आपल्याला वाटतं तसं ते फाटक असलेलं सरकारी जंगल नाही. त्याच्या आत गावं आहेत, हॉटेलं आहेत, इस्टेटी आहेत.

म्हणून गेल्या तीस वर्षांत गावांनी जमीन विकत घ्यायला सुरुवात केली, तो बदल मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १९९३ साली ॲसिंटच्या क्रॉफ्टरांनी, होय, त्याच बेटवाल्या तळ्याच्या मुलखात, दिवाळखोरीत निघालेली इस्टेट वर्गणी काढून घेतली. १९९७ साली एग बेटाच्या साठ-एक रहिवाशांनी एका संवर्धन संस्थेला आणि हायलँडच्या परिषदेला सोबत घेऊन १५ लाख पौंडांत आपलं बेट सोडवलं. बहुतेक पैसा लोकांच्या देणग्यांतून आला. त्याआधी तिथल्या माणसांना घराचा दीर्घ मुदतीचा भाडेकरारही मिळत नव्हता. २००८ पासून बेटाला पाणी, वारा आणि ऊन यांपासून स्वतःची वीज आहे आणि एका घरानं एका वेळी पाच किलोवॉटपेक्षा जास्त ओढायची नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. दक्षिणेला लँगहोम गावानं २०२१ आणि २०२२ साली मिळून दहा हजार एकरांहून मोठा माळ घेतला. जिथे ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी पिढ्यान्‌पिढ्या हेदर जाळलं जायचं, तिथे आता गावाचं राखीव रान आहे.

अशी गावाच्या मालकीची जमीन अजून तीन टक्क्यांच्या आसपासच आहे. आणि आता नवा ग्राहक बाजारात उतरलाय. झाडं लावून किंवा पीट दुरुस्त करून कार्बनची पत (कार्बन क्रेडिट), म्हणजे हवेतला कार्बन रोखल्याचं विकता येणारं प्रमाणपत्र, मिळते, म्हणून कंपन्या आणि गुंतवणूकदार डोंगर विकत घेतात. त्यांना तिथे ‘हिरवे जमीनदार’ म्हणतात. काम चांगलं असू शकतं, पण जमिनीचे भाव वर जातात आणि वर्गणी काढणाऱ्या गावाच्या हाताबाहेर जातात. शिवाय दरी ‘रानटी’ करायची म्हणजे ती रिकामीच होती असं गृहीत धरणं, आणि हे गृहीतक हायलँड्सच्या लोकांना फार झोंबतं. रिकामी नव्हती, रिकामी केली, असं ते सांगतात. झाडं परत यावीत, आणि त्यांच्याबरोबर धुराडी पण.

हायलँड्समध्ये घराच्या दाराशी रोवनचं झाड लावायची पद्धत होती. वाईट शक्ती उंबरठ्याच्या आत येत नाहीत अशी श्रद्धा. आपल्याकडे ओसाड पडलेल्या वाड्यासमोर तुळशीवृंदावन उरतं ना, तसं कधीकधी एखाद्या उघड्या दरीत, जिथे दूरवर दुसरं झाड नाही, तिथे एकटंच रोवन उभं दिसतं, शरदात लालभडक फळांनी लगडलेलं. तिथे थांबा आणि पायाशी गवत बाजूला करून बघा. बहुतेक वेळा एका रेषेत बसवलेले दगड सापडतात. जरा रुंद, सपाट दगड दिसला तर तो उंबरठा.